तीन नंबर हलत नव्हता

त्या लॉन्ड्रीत दोघी सख्ख्या जावा कामाला होत्या, म्हणून एक थोरली आणि दुसरी धाकटी. मॅनेजरपासून इस्त्रीवाल्यांपर्यंत सगळे त्यांना तशीच हाक मारायचे. थोरली दिसायला काही थोर नव्हती. बुटकी, पंचेचाळिशीला टेकलेली, कमरेला घट्ट फडकं बांधून सतत तुरुतुरु चालणारी बाई. पण आवाज असा खणखणीत, की चारही ड्रम घरघरत असताना तिने हॉलच्या एका टोकावरून साबण मागितला, तर दुसऱ्या टोकाचा माणूस निमूटपणे साबणच घेऊन यायचा. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला येत. माणूस ओणवा होऊन आत शिरेल एवढाले चार ड्रम होते, आणि त्या चौघांवर थोरलीचं राज्य होतं.

पूर्वी प्रत्येक ड्रमच्या तोंडाशी त्याची स्वतःची बटणांची पेटी होती. एक नंबरची पेटी एक नंबरची, चारची चारची, त्यात कुणाची कुणाला ढवळाढवळ नाही. बटण दाबायचं तर त्या ड्रमपाशी जाऊन उभं राहावं लागे, आणि उभं राहिलं की आत काय चाललंय ते दिसेच. नव्या माणसाकडून थोरली पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोटून घ्यायची: हात बटणावर, डोळे ड्रमवर. बटणाकडे काय बघायचंय, ते काय कुठे पळून जाणार आहे, असं ती विचारायची. तिचं खरंच होतं. तिच्या कारकिर्दीत तिथे कुणाचं नखसुद्धा उखडलं नव्हतं.

धुऊन झालेल्या चादरी ड्रमच्या भिंतीला चिकटून बसतात. मग दार उघडून ड्रम सावकाश फिरवायचा, म्हणजे त्या सुटून खालच्या गाडीत पडतात. ते बटण दाबून धरायचं असतं. बोट आहे तोवर ड्रम फिरतो, बोट उचललं की थांबतो. दार उघडं आहे म्हणून यंत्र तेव्हा हरकत घेत नाही, कारण बंद दाराने ते काम होणारच नाही. कधीकधी एखादी चादर आतल्या पात्यांना असा पिळा घालून बसते, की तिला सोडवायला कुणीतरी आत शिरावं लागतं. हे काम धाकटीचं. ती काटकुळी, लांब हातांची, आणि अंधाराला न घाबरणारी. आत जाताना ती ओरडायची, "एक, आत आहे." बाहेर आली की, "एक, मोकळा." आणि थोरली कुठलाही ड्रम फिरवण्याआधी त्याचा आकडा पुकारायची, "मोकळा" ऐकल्याशिवाय बोट लावायची नाही. समोर ढळढळीत दिसत असलं तरी पुकारायची. हे कुणी शिकवलेलं नव्हतं, थोरलीनेच पाडलेला शिरस्ता होता.

मग स्क्रीन आली. चारही पेट्या काढून टाकल्या आणि हॉलच्या टोकाला भिंतीवर ताटाएवढी काच बसवली. काचेत चार ड्रमची चित्रं, खाली बटणांची एक रांग. ज्या चित्राला बोट लावाल त्याच्याभोवती निळी चौकट येणार, आणि त्या वेळेपुरती खालची सगळी बटणं त्या ड्रमची होणार. बोट लागलं की टिंग असा आवाज. स्क्रीनपाशी उभं राहिलं की तीन आणि चार नंबर समोर दिसत, दोन तिरका दिसे आणि एक नंबर मधल्या खांबाआड जाई.

बसवायला आलेल्या इंजिनिअरला थोरलीने विचारलं, "म्हणजे बटण एक आणि मालक चार?"

"एका वेळी एकच मालक, बाई," तो हसून म्हणाला. "चौकट ज्याच्याभोवती, तो. दाबायच्या आधी चौकट तेवढी बघायची."

सांगितलं ते बरोबर होतं आणि थोरलीला समजलंही लगेच. बाईचं डोकं काही कच्चं नव्हतं. आठवड्याभरात ती त्या काचेवर सराईतासारखी बोटं नाचवायला लागली. पण समजणं डोक्याचं असतं आणि सवय अंगाची. तिचे डोळे इतकी वर्षं ड्रमवर राहायला शिकले होते, ते काचेवर ठरेनात. चित्राला बोट लावताना ती बघायची, मग नजर उचलून ड्रमकडे, आणि खालचं बटण न बघताच. त्या वेळी कुणाच्या अंगावर काटा आला नाही. यायला हवा होता.

कारण त्या स्क्रीनला एक खोड होती. एखाद्या ड्रमला काही सांगायचं असलं, साबण संपला, पाणी तापलं नाही, कपडे एका बाजूला जमले, की काचेवर मधोमध एक पिवळी पाटी उमटायची. पाटीवरचं "समजलं" दाबलं की ती जायची. पण जाताना निळी चौकट आपल्याबरोबर ओढून न्यायची, ज्या ड्रमने तक्रार केली होती त्याच्याकडे. आधी तुम्ही कुणाला निवडलं होतं, हे ती पार विसरून जायची. एकदा थोरलीने चार नंबरचं पाणी सोडायला बटण दाबलं आणि दोन नंबरमधलं वाफाळतं पाणी गटारात गेलं. एकदा तीन नंबरमधले धुऊन तयार कपडे पुन्हा साबणात भिजले. लोक हसले. थोरलीही स्वतःच्या कपाळावर हात मारून हसली, कारण नासलं होतं ते पाणी आणि साबण. तिने इंजिनिअरला फोनवर सांगितलं, तो म्हणाला की कंपनीला कळवतो, तोवर चौकट बघत चला. ती म्हणाली, बघते.

याच सुमारास घरात वेगळंच प्रकरण पेटलं. दोघी जावा एकाच घरात, एकच स्वयंपाकघर. धाकटीला लॉन्ड्रीत चिकटवलं होतं तेही थोरलीनेच. थोरलीला मूलबाळ नव्हतं. धाकटीच्या मुलीवर तिचा जीव, आणि जीव असला की माणूस हक्कही गाजवतं. मुलीच्या डोक्यात उवा झाल्या. धाकटी घरी नसताना थोरलीने कात्री घेतली आणि पोरीचे कमरेपर्यंतचे केस मानेवर आणले. उवा गेल्या, पण धाकटीने दारातून आत येऊन मुलीकडे पाहिलं, मग जमिनीवर पडलेल्या केसांकडे, आणि तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच. भांडली असती तर दोन तासांत मिटलं असतं. हा अबोला होता. एकाच ओट्यापाशी दोघी, एक कणीक मळतेय, दुसरी भांडी विसळतेय, आणि मधे बोलायला म्हणून नुसतं नळाचं पाणी.

थोरलीने आधी चेष्टा केली, मग समजूत काढली, मग तिचंही टाळकं फिरलं. नाही बोलत तर गेली उडत, असं ती नवऱ्याला म्हणाली. नवरा दोघींच्या भांडणात पडणारा नव्हता. तो ऐकून कूस बदलायचा.

पण घरचा अबोला घरी राहिला नाही. लॉन्ड्रीत थोरली आकडा पुकारायची आणि धाकटी उत्तर द्यायची नाही. अगदीच गप्प राहणं बरं नव्हे म्हणून तिने युक्ती काढली: पिळे सोडवायच्या लाकडी दांड्याने ड्रमच्या पत्र्यावर एक ठोका. ठोका म्हणजे मोकळा. इस्त्रीवाल्यांना भारी गंमत वाटली. दोघींचं तारायंत्रावर बोलणं चाललंय म्हणून ते खिदळायचे. मॅनेजर म्हणाला, घरचं घरी ठेवा, आणि तोही हसून निघून गेला. एवढ्या माणसांत एकाच्याही लक्षात आलं नाही, की आवाजात आकडा असतो आणि ठोक्यात नसतो. थोरलीच्याही नाही. ती तर उलट खूश होती, की निदान ठोका तरी देते.

तो दिवस नेहमीसारखाच उजाडला. सकाळी ओट्यापाशी थोरलीने सहज विचारलं, डबा भरू का, आणि धाकटीने तिच्या हातातून डबा काढून घेऊन स्वतः भरला. थोरली ओठातल्या ओठात पुटपुटली, "मर मेली." घराघरांत बायका दिवसातून दहा वेळा म्हणतात तसं.

दुपारी तीन नंबर धुऊन झाला होता, दार उघडलेलं, खाली गाडी लावलेली. गाडी धाकटीने लावली होती, म्हणजे ती तिथेच कुठेतरी असणार. थोरलीने काचेवर तीनच्या चित्राला बोट लावलं, चौकट तीनभोवती आलेली बघितली आणि नजर उचलली. तेवढ्यात पिवळी पाटी उमटली: एक नंबर, कपडे एका बाजूला जमलेत. त्या दिवसांत ती पाटी इतक्यांदा यायची, की माशी हाकलावी तसं थोरलीने "समजलं" दाबलं. एक नंबरमध्ये चादरीचा पिळा बसलाय हे धाकटीने आधीच पाहिलं होतं आणि ती खांबाआडच्या त्या ड्रममध्ये शिरली होती. "एक, आत आहे" असं ती ओरडली नव्हती. ओरडायचं म्हणजे थोरलीशी बोलायचं.

"तीन?" थोरलीने पुकारलं.

पत्र्यावर एक ठोका पडला. तो धाकटीने उत्तर म्हणून दिला, की पिळा सोडवताना दांडा पात्यावर आपटला, हे पुढे कुणी विचारलं नाही.

थोरलीने डोळे तीन नंबरवर ठेवले आणि "फिरवा" दाबून धरलं. कुठूनतरी घरघर सुरू झाली. पण तीन नंबर हलेना. जुन्या बटणांना कधीकधी जोर लावावा लागे. गंज धरायचा, आतली स्प्रिंग सुस्त व्हायची. तिने अंगठा काचेवर आणखी रेटला. तरी तीन हलेना. काचेला बोटाचा जोर कळत नाही, फक्त बोट आहे की नाही एवढंच कळतं, आणि बोट होतं. थोरलीचे डोळे समोरच्या उघड्या, स्थिर तोंडावर खिळले होते, आणि हे का फिरत नाही म्हणून ती मनात वैतागत होती, तेव्हा खांबाआडून आवाज आला.

"ताई."

किंकाळी नव्हती ती. नुसतं ताई, पण असं, की इस्त्रीवाल्यांचे हात जागच्या जागी थांबले. थोरलीने बोट उचललं. मग तिने काचेकडे पाहिलं. चौकट एकभोवती होती.

धाकटी वाचली. उजवा खांदा निखळला, गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि हाड सांधलं तरी हात पुन्हा खांद्याच्या वर उचलला गेला नाही. इंजिनिअर दुसऱ्याच दिवशी धावत आला. पाटीने चौकट पळवली, ही स्क्रीनची चूक आहे, बाईंची नाही, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, आणि ती खोड काढून टाकली. आता पाटी गेली की चौकट जिथे होती तिथेच राहते. मॅनेजरने ड्रमच्या तोंडाशी लावायला लाल पाट्या करून आणल्या, "आत माणूस आहे" म्हणून. सगळं रीतसर झालं. पण इस्त्रीच्या टेबलांवर कुजबूज सुरू झाली ती स्क्रीनबद्दल नव्हती. दोघी बोलत नव्हत्या, हे साऱ्या लॉन्ड्रीला ठाऊक होतं. एक म्हणाली, दाबलं ते चुकून असेल. दुसरी म्हणाली, चुकून दाबलं, पण धरून ठेवलं म्हणे.

थोरली दवाखान्यात गेली की धाकटी भिंतीकडे तोंड करून पडायची. दीर पलंगाशी बसलेला असायचा. एका संध्याकाळी तो थोरलीच्या मागोमाग बाहेर आला आणि जिन्यापाशी थांबला. लहानपणी आईमागे त्याला थोरलीनेच वाढवलं होतं, आवाज चढवून तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. तेव्हाही नाही चढवला.

"वहिनी, एकच विचारतो. बोट उचलायला एवढा वेळ का लागला?"

"तीन हलत नव्हता, भावजी."

"तीन हलत नव्हता म्हणून एक फिरवत राहिलात?"

थोरली जिन्याकडे वळली. खरं तेच तिने सांगितलं होतं, आणि ते खरं बाहेर काढल्यावर खोट्यासारखं दिसत होतं. जिना उतरताना त्या दिवशी सकाळचं ते पुटपुटणं तिला आठवलं. आपण ते मनापासून म्हटलं नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं. पण आपलं बोट मनाचं किती ऐकतं याची खात्री तिला आता उरली नव्हती. तिला स्वतःचीच भीती वाटली.

धाकटी घरी आली आणि अबोला संपला. हे तर अबोल्याहून वाईट निघालं. धाकटी आता सगळं बोलायची. ताई, मीठ कुठे आहे. ताई, दार लावून घ्या. मुलीला थोरलीच्या मांडीवरून उठवायची नाही, पण पोर तिथे बसली की स्वतःही त्याच खोलीत येऊन बसायची. त्या दिवसाबद्दल मात्र ती एक अक्षर काढायची नाही. थोरली वाट बघायची, की ही आता शिव्या देईल, आता रडेल. ती मीठ मागायची.

हात बरा झाल्यावर धाकटी पुन्हा कामावर आली. उचलायचं, ओढायचं काम तिला जमणार नव्हतं. मॅनेजरला ते सोपं गणित वाटलं: धाकटीला स्क्रीनवर बसवा. थोरलीने तसंही त्या काचेला पुन्हा बोट लावणार नाही असं सांगितलंच होतं. मग ड्रमच्या आत कोण जाणार? बुटकी बाई ओणवी होऊन आत मावते. थोरली म्हणाली, मी जाईन. इस्त्रीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. दिराने घरी ऐकलं आणि ताट बाजूला सारलं.

स्क्रीन आता शहाणी झाली होती. चौकट आपणहून कुठे सरकत नव्हती. ज्याच्याभोवती माणूस ठेवेल त्याच्याभोवती राहायची. यंत्राची चूक गेली होती, आणि उरलं होतं ते फक्त माणूस.

पहिले काही दिवस पिळा बसलाच नाही. मग एका दुपारी जेवणं उरकल्यावर एक नंबरमध्ये बसला. थोरलीने दाराला लाल पाटी अडकवली, पदर खोचला आणि आत शिरली. आत ओल्या कापडाचा आणि औषधाचा वास होता. पातं तिच्या बरगडीला लागत होतं. "एक, आत आहे," ती ओरडली. एरवी तिचा आवाज सगळा हॉल भरायचा. आतल्या पत्र्यात तो तिच्याच कानात घुमला.

उत्तर आलं नाही. चपलांचा आवाज आला, आणि ड्रमच्या तोंडाशी धाकटी येऊन उभी राहिली. प्रकाश तिच्या पाठीमागे असल्याने चेहरा दिसत नव्हता.

"ताई, त्या दिवशी चौकट एकवर आहे हे तुम्ही बघितलं होतं?"

"नाही गं."

"ड्रम फिरल्याचा आवाज तर आला असेल."

थोरली ओणवीच होती. एवढं कुणी विचारलं नव्हतं, इंजिनिअरने नाही, दिरानेही नाही. नाही म्हणणं सोपं होतं.

"आला होता," ती म्हणाली. "घरघर ऐकली मी. कुठून येतेय ते बघितलं नाही. मी तीनकडेच बघत बसले."

 "बरं," धाकटी म्हणाली आणि निघून गेली. चपला खांबाला वळसा घालून स्क्रीनपर्यंत गेल्या. थोरलीने कान दिला. टिंग. म्हणजे कुठल्यातरी चित्राला बोट लागलं. कुठल्या, ते आतून कळायची सोय नव्हती. चार नंबर धुऊन झाला होता, त्याचं दार तिने स्वतःच उघडून गाडी लावली होती, एवढं तिला ठाऊक होतं. आता आकडा पुकारला जाईल म्हणून ती वाट बघत राहिली. आकडा पुकारला गेला नाही.

 बाहेर पडायला एक झेप पुरे होती, आणि खांबाआड ती कुणाला दिसलीही नसती. गुपचूप बाहेर जाऊन उभी राहिली असती, पाच मिनिटांनी पुन्हा आत आली असती, तर जगात कुणाला पत्ता लागला नसता. तिने पात्यावरचा हातही काढला नाही. तिने डोळे मिटून घेतले.

टिंग.

घरघर सुरू झाली आणि गुडघ्याखालचा पत्रा थरथरला.  थरथर चालूच राहिली, वाढली नाही, आणि मग हॉलच्या पलीकडच्या टोकाला ओल्या चादरी धपाधप गाडीत पडायला लागल्या. फिरत होता तो चार नंबर. तिच्या गुडघ्यांना लागत होता तो नुसता जमिनीतून आलेला हादरा.

धाकटी पुकारायला विसरली नव्हती. ते थोरलीला आत बसल्या बसल्या नीट कळलं, आणि आतल्याला काय वाटतं ते आपल्यालाही कळावं म्हणूनच ती गप्प राहिली, हेही कळलं. चार नंबर बराच वेळ फिरत राहिला, सगळ्या चादरी पडून गेल्यावरही. तो थांबेपर्यंत थोरली रडत होती. मग तिने नाक पुसलं आणि पिळ्याचं टोक शोधायला लागली.